निवाऱ्याचा इतिहास आणि नावांचा प्रश्न

देऊळगाव राजाच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी बी. ए. च्या विद्यार्थ्यांना मी एक साधे काम दिले होते. आपल्या घरातील किंवा वस्तीतील सर्वांत वयस्क बाईशी बोलायचे आणि तिच्या आयुष्याची हकीकत तिच्याच बोलीत लिहून आणायची. मुलांनी मनापासून लिहिले. दुष्काळ, रोजगार हमीची खडी, बालाजीच्या यात्रेतली दुकाने, धम्मदीक्षेनंतर घरातून बाहेर काढलेले देव, असे पुष्कळ त्यांत आले. पण एक वाक्य वह्यांमागून वह्यांत भेटत राहिले, आणि ते नेहमी एका ओळीतच संपत होते. 'आजोबांनी दुसरी केली, मग आजी लेकरं घेऊन निघून आली.' 'नवरा वारल्यावर आत्याला सासरी ठेवलं नाही.'

मी मुलांना विचारले, निघून आली म्हणजे कुठे आली? कोणाच्या छपराखाली झोपली? त्या छपराचे मोल तिने कसे चुकते केले? मुलांजवळ उत्तर नव्हते. त्यांनी विचारलेच नव्हते. मलाही त्यांना दोष देता येईना. माझ्या स्वतःच्या आईला हा प्रश्न मी वयाच्या पस्तिशीपर्यंत विचारला नव्हता.

आज 'एकल माता' हा शब्द शासकीय कागदांत रूढ होत आहे. आपल्या बोलीत तिच्यासाठी एक शब्द कधीच नव्हता. रांडव, टाकलेली, सोडलेली, पाय घसरलेली, मुरळी असे अनेक शब्द होते आणि त्यांतील बहुतेक शिव्यांच्या जवळचे होते. या सगळ्या बायांची गरज मात्र एकच होती. लेकरासह राहता येईल आणि कोणी हात धरणार नाही अशी जागा. ती जागा ज्यांनी दिली त्यांचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. ज्या तिथे राहिल्या त्यांचा लिहिला गेला नाही. तो कसा जपावा, आणि जपताना कोणती चूक करू नये, याविषयी मला येथे लिहायचे आहे.

*

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करता येते. १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे सत्यशोधक समाजाचे सभासद होते. या पुस्तकाचे निमित्त सुरतेकडचे होते. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात मुलाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली, पण वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर जी चिखलफेक सुरू केली तिला ताराबाईंनी उत्तर दिले. विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचे नाही, तिला फसवणाऱ्या पुरुषाला मोकळे सोडायचे, आणि मूल मेले की दोरी तिच्या गळ्यात घालायची, हा न्याय कुठला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापले तेव्हाच वाचकांपुढे आले. मधली नव्वद वर्षे बुलढाण्याला आपल्या या लेखिकेची दखल नव्हती. छापलेल्या पुस्तकाची ही गत, तर न लिहिलेल्या गोष्टींचे काय होत असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

विजयालक्ष्मीच्या आधी पुण्यात हेच घडले होते. जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ च्या आपल्या टिपणात त्याची हकीकत दिली आहे. त्यांच्या एका ब्राह्मण स्नेह्याच्या घरी स्वयंपाक करणारी काशीबाई नावाची विधवा एका शास्त्र्याकडून गरोदर राहिली. त्याने हात वर केले. तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. खटला झाला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेनंतर जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्या राहत्या जागेत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्याचे साल चरित्रकार १८६३ देतात. ब्राह्मण वस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती लावल्या गेल्या. त्यांचा आशय असा होता की विधवांनी येथे गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे. मूल बरोबर न्यावे किंवा येथे ठेवावे, हे त्यांच्या मर्जीवर.

ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. त्या काळात मुलाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार बाईला कोणते शास्त्र देत होते? जोतीरावांच्या घराने तो दिला. शूद्र ठरवलेल्या माळी जोडप्याच्या घरात ब्राह्मण विधवा बाळंत होत होत्या आणि सावित्रीबाई त्यांचे करत होत्या, याचाही अर्थ जातीच्या उतरंडीत लावून पाहिला पाहिजे. याच घरात एका ब्राह्मण विधवेला झालेला यशवंत या दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्चला त्या गेल्या. तेव्हा यशवंतही त्या कामात होता.

त्याच टिपणात जोतीराव हिशेब देतात. तोपर्यंत पस्तीस गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती. तीस गेली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांचा परिणाम, हे कारणही त्यांनी लिहून ठेवले. उपकारकर्त्याच्या अहवालात असा हिशेब सहसा नसतो. पस्तीस आल्या आणि पाच मुले वाचली, हे लपवावेसे जोतीरावांना वाटले नाही. कारण त्यांना आपल्या संस्थेची कीर्ती सांगायची नव्हती, समाजाचा गुन्हा दाखवायचा होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. काशीबाई आणि विजयालक्ष्मी यांची नावे आपल्याला माहीत आहेत, कारण त्या न्यायालयापर्यंत ओढल्या गेल्या. जोतीरावांच्या घरी आलेल्या त्या पस्तीस जणींपैकी एकीचेही नाव त्या टिपणात नाही. ज्यांना निवारा मिळाला नाही त्यांची नावे सरकारी दप्तरात राहिली, आणि ज्यांना मिळाला त्या निनावी राहिल्या. त्यांना निनावी राहू देणे हेच त्या घराचे काम होते. म्हणून अशा घरांचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे पहिल्या पावलालाच पेच उभा राहतो. जे गुप्त ठेवणे ही माया होती, ते उघड करणे हा न्याय होईल काय?

*

पुण्याच्या या प्रयत्नानंतर १८७५ साली पंढरपुरास प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांचा त्यात पुढाकार होता. गाव अचूक निवडले होते. आपल्याकडूनही वारीला माणसे जातात. यात्रेच्या गर्दीत बाई नाहीशी झाली तर कोणी विचारत नाही, आणि 'देवाला जाते' एवढे सांगून विधवेला घराबाहेर पडता येते. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. रमाबाई स्वतः अशीच आई होत्या. शूद्र गणल्या जाणाऱ्या जातीतील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी लग्न केले होते. १८८२ साली ते वारले तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी सुरू झाले. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी बाया-मुली आणल्या गेल्या, केडगावला 'मुक्ती' उभी राहिली, आणि तिथे सर्व जातींच्या बाया आल्या.

मग आमच्या बायांचे काय? हा प्रश्न या पानांवर विचारलाच पाहिजे. महार, मांग, चांभार आणि इतर अनेक जातींत पाट लागत होता, मोहतूर होत होते, काडीमोड होत होती. त्यामुळे सक्तीच्या वैधव्यातून येणारे गुप्त बाळंतपण हा आमच्या वाड्यातला मुख्य प्रश्न नव्हता. पण याचा अर्थ आमची बाई सुखी होती असा कोणी काढत असेल तर तो शुद्ध भ्रम आहे. तिचा प्रश्न भाकरीचा आणि जागेचा होता. पाट लावणाऱ्याला ती हवी असे, पहिल्या नवऱ्याचे लेकरू नको असे. आणि देवाला सोडलेल्या मुरळीला तर नवराच नव्हता. तिच्या लेकराला बापाचे नाव नव्हते आणि धर्माने त्याला पावित्र्याचा शेंदूर फासला होता.

या बाईसाठी समाजसुधारकांनी बांधलेले घर शोधायला गेलो तर फारसे हाती लागत नाही. तिचा प्रश्न आमच्याच चळवळीने हातात घेतला. शिवराम जानबा कांबळे यांच्या 'सोमवंशीय मित्र'ने या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात मुरळी सोडण्याच्या चालीवर हल्ला चढवला. शिवूबाई नावाच्या मुरळीचे पत्र त्यात आले आणि चळवळीतील एका तरुणाने तिच्याशी लग्न केले. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील बायांपुढे बाबासाहेबांचे भाषण झाले. हा धंदा सोडा, असे त्यांनी निक्षून सांगितले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. बाळंतपणाचा भार मालकाने आणि शासनानेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे निवाऱ्याकडे पाहण्याची वेगळी दृष्टी मिळते. निवारा म्हणजे दया नव्हे, तो हक्क आहे. १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यातील स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांसाठी स्वतंत्र रेशनकार्ड आणि घरासाठी जागा मागितली, तेव्हा हीच दृष्टी रस्त्यावर आली. आश्रमात घ्या, असे त्या बाया म्हणत नव्हत्या. आमच्या नावावर जागा द्या, असे म्हणत होत्या.

आणखी एक धागा आहे आणि तो तुटण्याच्या बेतात आहे. पुष्कळ गावांत बाळंतपण करणारी सुईण मांग किंवा महार समाजाची असे. सवर्ण वाड्यातली अडलेली बाई रात्री मागच्या दाराने कोणाकडे जात होती? गावातली सगळी गुपिते ज्या बाईच्या पोटात होती तिला गाव शिवून घेत नव्हते. या सुइणींच्या खोपटांना कोणी आश्रम म्हटले नाही, त्यांचा वार्षिक अहवाल निघाला नाही. पण निवाऱ्याच्या इतिहासात त्यांची जागा आहे, आणि त्या सांगू शकतील अशा म्हाताऱ्या आता बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्या आहेत.

*

आता माझ्याविषयी थोडे. ते टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

वडिलांनी दुसरी बायको आणली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मामाच्या घरी दोन वर्षे काढल्यावर आई मला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महिला वसतिगृहात गेली. तिथे आम्ही तीन वर्षे होतो. पत्र्याची पेटी, संध्याकाळी सहाला लागणारे फाटक, शिवणकामाच्या वर्गातल्या चार मशिनी, आणि जर्मनच्या थाळ्यांवर खिळ्याने कोरलेले नंबर एवढे मला आठवते. आमच्या थाळीवर २७ होता. मी सात वर्षांचा झालो आणि तिथल्या नियमाप्रमाणे मला बाहेर जावे लागले. बायकांच्या वसतिगृहात मोठा मुलगा चालत नाही. मला मुलांच्या वसतिगृहात घातले गेले. आई महिन्यातून एकदा येई. पुढे ती अंगणवाडीत मदतनीस झाली, खोली भाड्याने घेतली आणि मी परत तिच्याजवळ आलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, असे लोक कौतुकाने म्हणतात. त्या पदवीच्या मुळाशी ती तीन वर्षे आहेत, आणि ती तुटलेली वर्षेही आहेत.

विद्यार्थ्यांच्या वह्या वाचल्यावर मी त्या वसतिगृहात गेलो. आमच्या वेळचे दाखल-रजिस्टर पाहायला मिळेल का, असे विचारले. तिथले कारकून सज्जन होते. इमारतीला रंग दिला तेव्हा जुने बाड रद्दीत गेले, असे त्यांनी सांगितले. मग जुने अहवाल दाखवले. त्यांत देणगीदारांची यादी बिनचूक होती. दिवाळीच्या साडीवाटपाचा एक फोटो होता. खाली पाहुण्यांची नावे डावीकडून उजवीकडे दिली होती आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बायांसाठी 'संस्थेतील भगिनी' एवढे दोन शब्द. दुसऱ्या ओळीत पदर डोळ्यांपर्यंत ओढलेली आई मी ओळखली.

घरी येऊन मी आईला म्हणालो, मी हे सगळे लिहिणार आहे. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लिही ना. पण माझं नाव कशाला घालतो त्यात? तिथं माझ्यासंग होत्या त्या बायांचे लेक आता कामाला लागले, सुना आल्या. कोणी कोणाला सांगितलं नसंल."

मी तिच्याशी वाद घातला. तू काय चोरी केलीस काय, असे म्हणालो. आपल्या चळवळीने आपल्याला लाज टाकायला शिकवले, आपण आपल्या जातीचे नाव छाती काढून सांगतो, मग हे का लपवायचे? ती म्हणाली, "तू सांग तुझं. माझं मी ठरवीन." मला त्या वेळी राग आला. नंतर लक्षात आले की पुण्याच्या भिंतींवरील जाहिरातीत जोतीरावांनी हेच लिहिले होते. मर्जी तिची. मुलाविषयीची मर्जी तिची असेल, तर नावाविषयीची कोणाची?

*

म्हणून या इतिहासाचे जतन कसे करावे याविषयी काही सूचना कार्यकर्ते, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट कागदांची. दाखल-रजिस्टर, हजेरी, कोठीचा हिशेब, शिवणवर्गाची वही, नियमांचा फलक, मुलांच्या शाळेचे दाखले, हे सर्व संस्थांच्या माळ्यावर पडून असते आणि रंगकामाच्या दिवशी रद्दीत जाते. संस्थाचालकांना भेटून ते वाचवले पाहिजे. नागपूरला शासनाचे पुराभिलेखागार आहे, विद्यापीठांची ग्रंथालये आहेत. नावांची पाने ठरावीक वर्षे मोहोरबंद ठेवण्याची अट घालून कागद सोपवता येतात. कोठीच्या वहीत नावे नसतात, पण माणशी किती ज्वारी मिळत होती हे असते. मला तर ती वही फोटोहून बोलकी वाटते.

दुसरी गोष्ट नियमांची. केंद्र शासनाची अल्पमुदत निवासगृहे १९६९ पासूनची, स्वाधार योजना २००१-०२ ची, आणि २०२२ पासून मिशन शक्तीखाली त्यांचे 'शक्ती सदन' झाले. स्वाधार गृहात मुलगा आठ वर्षांपर्यंत आईजवळ राहू शकत असे, शक्ती सदनात बारापर्यंत राहू शकतो. आठाचे बारा होण्यात किती मायलेकरांची ताटातूट वाचली असेल, हे ज्याने ती भोगली त्यालाच कळेल. हे आकडे शासकीय पत्रकात नुसते आकडे असतात. त्यांच्यामागची माणसे आपण नोंदवायची आहेत. वसतिगृहातल्या आईला शाळेत कोणत्या नावाने दाखला मिळत होता, हाही असाच विषय आहे. १९५६ च्या कायद्याने अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आईच ठरते. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला बापाचे नाव न सांगता पालकत्व मिळू शकते असा निर्णय दिला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांत आईचे नाव आवश्यक झाले. त्याआधी शाळेच्या खिडकीपुढे उभी असलेली बाई काय सांगत होती, हे तिच्याकडूनच ऐकावे लागेल.

तिसरी गोष्ट प्रश्नांची. मुलाखतीला गेलेला विद्यार्थी 'तुमच्यावर कोणता प्रसंग ओढवला' असे विचारतो आणि बाई गप्प होते. तिच्या दुःखाची उलटतपासणी करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्याऐवजी घराविषयी विचारावे. स्वयंपाक कोण करत होते? पाण्याचा माठ सगळ्यांचा एकच होता का? रजिस्टरात जात लिहीत होते का, आणि लिहिल्यावर खोली बदलत होती का? आजारी पडल्यावर कोण बसत होते? बाहेर पडल्यावर पहिली खोली कोणी भाड्याने दिली? अशा प्रश्नांवर बाया मोकळ्या बोलतात. कारण त्यांत त्यांची लाज नसते, त्यांचे कर्तृत्व असते. जुन्या स्वयंपाकीणबाई, रखवालदार, आणि माझ्यासारखी तिथे वाढलेली मुले यांच्याशीही बोलावे. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. आंबेडकरी चळवळीतील बायांना गाठून, त्यांच्याशी बोलून ते उभे राहिले. ही वाट आपल्याला नवी नाही.

चौथी गोष्ट नावांची. बाई सांगेल ते नाव, तिने नको म्हटले तर नाव नाही, गावही नाही. लिहिलेले तिला वाचून दाखवावे, एक प्रत तिच्याजवळ द्यावी, आणि तिने काढायला सांगितले तर काढून टाकावे. आज एखाद्या संस्थेत असलेल्या मुलांच्या बाबतीत तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने ओळख उघड करण्यास बंदीच घातली आहे. कोणी म्हणेल, नावाशिवाय इतिहास कसला? जोतीरावांच्या त्या टिपणात पस्तीस जणींची नावे नाहीत. तरीही एकशेचाळीस वर्षांनंतर त्या आकड्याला कोणी खोटे पाडू शकलेले नाही.

देऊळगाव राजात असे मोठे वसतिगृह मला माहीत नाही. पण शेडनेटमधल्या बियाण्याच्या प्लॉटवर सकाळी जाणाऱ्या बायांत लेकरांना एकटीने वाढवणाऱ्या आहेत. त्या कोणाच्या ओसरीवर राहिल्या, कोणत्या चुलतसासूने त्यांना दार उघडले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी यंदापासून लिहायला घेतले आहे. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर नावाऐवजी एक नंबर असतो. नावाची वेगळी वही आहे आणि ती बाईच्या परवानगीशिवाय उघडत नाही.

आईची हकीकतही त्यांत आहे. एका विद्यार्थिनीने लिहून घेतली, मी नाही. मी समोर असतो तर ती बोलली नसती. कोणता नंबर घालू असे मुलीने विचारले तेव्हा आईने सत्तावीस सांगितला.